एका पातीला एक गोष्ट

पऱ्हाटी फुटली. परवा दिग्रसहून येताना एसटीच्या खिडकीतून दिसली, रस्त्याच्या दोन्ही अंगांना, आणि माझ्या नखांजवळची कातडी आपोआप हुळहुळली. रोजचा कापूस वेचणं सोडून मला जमाना झाला, पण वाळलेल्या बोंडाची टोकं ज्यांच्या बोटांना एकदा लागली त्यांची बोटं ते विसरत नाहीत. शेजारच्या बाईंना मी म्हटलं, "फुटली हो." त्या मोबाइलवर काहीतरी पाहत होत्या. "काय फुटलं?" म्हणाल्या आणि पिशवीतली बाटली तपासू लागल्या. आता काय बोलायचं अशा माणसाशी!

त्याच संध्याकाळी जयाचा फोन आला. जया म्हणजे माझ्या भावाची नात, पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत. "आत्याआजी, आम्ही ऑफिसमध्ये सगळ्यांनी बकेट लिस्ट केली. मरायच्या आधी करायच्या गोष्टी. माझ्या शंभर झाल्या. तुझी काय असेल गं?" तिला वाटलं असेल, म्हातारी हसेल, चारधाम म्हणेल. मी म्हटलं, "माझी कधीच करून झाली. तुझ्या बापाचाही जन्म नव्हता तेव्हा." ती म्हणाली, "लिहिलेली आहे? फोटो पाठव ना!" लिहिलेली कुठून असणार? ती याडीच्या डोक्यात होती.

याडी म्हणजे आई. आम्ही बंजारे, ढाणकीच्या अलीकडे आमचा तांडा. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुखभर हिंडले म्हणतात. माझ्या बापाच्या वाट्याला मात्र एक बरड उतार आला, खडे जास्त आणि माती कमी, आणि त्या उतारावर आमचं हिंडणं संपलं. घरात आम्ही गोरबोली बोलायचो, शाळेत पुस्तकातली मराठी, बाजारात वऱ्हाडी. याडीचं बोलणं मी इथं वऱ्हाडीत सांगते, म्हणजे तुम्हालाही कळेल आणि मलाही फार परकं वाटणार नाही; वऱ्हाडीत बायकाही 'जातो, येतो' असंच म्हणतात.

साठच्या आगेमागची ती वर्षं. मी सातवीत होते. तेव्हा सातवी म्हणजे मोठी गोष्ट, बोर्डाची परीक्षा. पण दिवाळी सरली, कापूस फुटला की तांड्यातल्या मुलींची शाळा आपोआप सुटायची. कुणी सोडवत नसे, कुणी रागावत नसे. मुली वावरात जायच्या, झालं. गुरुजी हजेरी घेताना आमच्या नावांवरून नुसतंच बोट फिरवीत. मला त्या बोटाचा भारी संताप यायचा. निदान नाव तरी घ्या की!

वेचणीत प्रत्येकीला पात लावून देतात. पात म्हणजे वेचायला धरलेल्या ओळींचा पट्टा. या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, त्या धुऱ्यापर्यंत कंबरेला ओटी बांधून वेचत जायचं, टोकाला पोचलं की ओटी अंथरलेल्या पालावर रिकामी करायची, पाणी प्यायचं आणि पुढची पात धरायची. माझ्या शेजारची पात नेहमी याडीची. सकाळी कापूस दवानं गार असायचा. तिच्या दंडापर्यंतच्या बांगड्या वाजत राहायच्या आणि ओढणीवरचे आरसे ऊन लागलं की सगळ्या वावरभर चमकायचे. ती वेचायची कशी, सांगू? दोन्ही हातांनी, दोन वेगवेगळ्या झाडांवर, मान न वळवता. मी एका बोंडाशी झगडत असायची तोवर तिच्या मागची झाडं नागडी झालेली.

आणि मी बडबडी. आजही आहे, विचारा कुणालाही. एका पातीच्या मधोमध मी सुरू झाले असेन, शाळा, गुरुजी, कुणाची नवी पाटी, काय काय. याडी म्हणाली, "तोंड चालते तं हात थांबते तुहा. पात संपू दे, टोकावर गेल्यावर एक गोष्ट सांग. एका पातीले एक. लय नाही." मला तो खेळच वाटला. टोकाला पोचले, धापा टाकत म्हटलं, "मले आगगाडी पाहाची हाय." ती पाणी प्याली, तोंड पुसलं, म्हणाली, "पाह्य. धर पुढची."

अशी माझी यादी तयार झाली. एका पातीला एक. पात लांब, उन्हं वाढत जाणार, म्हणून मी वाटेत विचार करकरून गोष्ट निवडायची. फालतू गोष्टीवर टोक वाया घालवायचं नाही, असा माझा नियम. साखरेचा लाडू भावाला तुकडा न देता एकटीनं खायचा. पैनगंगा पोहून पार करायची आणि पल्याडच्या वाळूवर उभं राहून अल्याडच्यांना हाक मारायची. खुर्चीवर बसायचं, पाठ टेकवून. नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, घरी एक खुर्ची होती, पटवारी आला तरच बाहेर निघायची, आणि पटवारी गेल्यावर आम्ही पोट्टे तिच्याभोवती फिरून तिचे पाय मोजायचो. अंगठा न लावता सही करायची, ती पण सगळ्यांच्या समोर. समुद्र पाहायचा. खोलीला आतून कडी लावून एकटीनं झोपायचं. आणि मास्तरीण व्हायचं. हे सांगायला मला दुपार व्हावी लागली, कारण सांगताना आवाज थरथरेल असं वाटत होतं. थरथरलाच. याडीनं माझ्या ओटीतला पाला निवडून फेकला आणि म्हणाली, "कापूस साफ वेच."

मी तिला उलट विचारायची. "याडी, तुले काय पायजे?" ती म्हणायची, "मले? मले हे पात संपवाची हाय." दुसऱ्या टोकाला पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मी चिडायची. "हे काही गोष्ट नाही झाली!" ती हसायची. तिचे समोरचे दात थोडे पुढे होते, हसली की फार गोड दिसायची, म्हणून मी मुद्दाम चिडायची.

त्या दिवसांत घर कापसानं भरून जायचं. माणसं राहायची ती उरलेल्या जागेत. चुलीपासून लांब म्हणून आतल्या अंगाला रचत रचत कापूस आढ्याला टेकायचा. आम्ही भावंडं त्यात बुडी मारायचो आणि बा ओरडायचा. सगळीकडे सरकीचा तेलकट, उबट वास. केसांत कापूस, भाकरीत कापूस, झोपेत नाकात कापूस. आता माझ्या घरात फरशी आहे, पंखा आहे, खोलीला आतून कडी आहे. चांगलंच आहे, खोटं कशाला बोलू? पण कधी नवी गादी भरून आणली की मी तोंड खुपसून वास घेते. गादीवाला बघत राहतो. बघेना का!

दुसरा वेचा, म्हणजे वेचणीची दुसरी फेरी, सुरू झाला आणि महागावकडच्या एका तांड्यातून पाहुणे आले. माझ्यासाठी. बाला स्थळ मनापासून आवडलं होतं. मुलाकडे काळी जमीन होती, विहीर होती, दोन जोड्या बैल होते, आणि मुलाचा बाप शब्दाला पक्का. लग्न उन्हाळ्यात. परीक्षाही उन्हाळ्यात. बा माझा वैरी नव्हता, हे मला आजही ठासून सांगायचं आहे. त्याच्या मनात होतं, पोरगी बरडावरून काळ्या जमिनीत जाईल, तिच्या हाताला खडे लागणार नाहीत. पण मला वाटलं, गेलं. आगगाडी गेली, समुद्र गेला, सातवी गेली. पातीच्या मध्ये उभी राहून मी रडले. याडी शेजारच्या पातीवर वेचत होती. तिनं पाहिलं, पण हात थांबवले नाहीत. तेव्हा मला तिचा इतका राग आला, की त्या दिवशी टोकाला गेल्यावर मी एकही गोष्ट सांगितली नाही.

आमच्यात सोयरीक ठरते ती गुळानं. नायकाच्या अंगणात दोन्हीकडची माणसं बसतात, पंच बसतात, गूळ फोडून वाटतात. ज्यानं गूळ तोंडात टाकला त्यानं होकार दिला. सगळ्यांनी खाल्ला की बोलणं पक्कं; मग ते मोडणाऱ्याला तांड्यात तोंड दाखवायला जागा नाही. गूळ बायकांनाही देतात. त्या एका अंगाला ओढणी पुढे ओढून बसलेल्या असतात, खातात, गाणं सुरू करतात. त्यांचा होकार वेगळा कुणी विचारल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं.

सकाळची वेळ होती. मी नायकाच्या कुडाआडून पाहत होते. गूळ फिरला. बानं खाल्ला. मुलाच्या बापानं खाल्ला, पंचांनी खाल्ला. नायकानं रिवाजाप्रमाणे विचारलं, "झालं नं समद्याईचं तोंड गोड?"

बायकांच्या अंगानं आवाज आला, "माह्यं नाही झालं."

याडी! तिनं उजव्या हाताची मूठ पुढे धरली होती. मूठ बंद.

नायकाला आधी थट्टाच वाटली. "काहून व? गूळ कडू हाय का?"

"गूळ चांगला हाय," याडी म्हणाली. "माह्या पोरीच्या पाती बाकी हायेत. थ्या झाल्या का मी खातो."

"कायच्या पाती?"

आणि मग याडीनं माझी अख्खी यादी सांगितली. उभी राहून. ज्या क्रमानं मी सांगितली होती त्याच क्रमानं, एक गोष्ट इकडची तिकडे नाही. आगगाडी, लाडू, पैनगंगा. लाडवावर पंच खो खो हसले. "भावाले देनार नाही म्हनते, पाह्य!" मला जमिनीत जावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी इतका आनंद होत होता की मी कुडाची काडी दातानं तोडली. तिनं सगळं ऐकलं होतं! हात न थांबवता, मान न वळवता, सगळं. नायकाची खुर्ची आली तेव्हा नायकानं घरात वळून पाहिलं. मास्तरीण आली तेव्हा कुणी हसलं नाही.

"येडी झाली का तू?" बा उठून उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. मुलाचा बाप मात्र बसूनच होता. तो म्हणाला, "बाई, शिकून पोरगी काय तहसीलदार होनार हाय का?"

"थे मले माहीत नाही," याडी म्हणाली. "तिनं मास्तरीण म्हटलं हाय."

नायकानं मिशी कुरवाळली. मग त्यानं जे विचारलं ते रास्त होतं. "अन् वावराचं कसं? वेचा चालू हाय. पोरगी शाळेत गेली तं तिची पात कोन वेचीन?"

"मी वेचीन. माह्यी बी अन् तिची बी."

नायकानं उरलेल्या गुळावर फडकं टाकलं. "गूळ पुरा झाला नाही," तो म्हणाला. "बात आज अठीच थांबली." मुलाचा बाप उठला. जाताना माझ्या कुडापाशी क्षणभर थांबला, आत डोकावून म्हणाला, "पैनगंगा पोहशीन तं पानी उतरल्यावर पोह्य. धार लय वंगाळ हाय." भला माणूस होता. त्याच्या घरी मी सुखात राहिले असते, हे मी नाकारत नाही. पण मग ही मी नसते.

याडीनं घरी येऊन मूठ उघडली. गूळ घामानं वितळून तळहाताला आणि बांगड्यांना चिकटला होता. तिनं तो ना खाल्ला ना फेकला, हात धुतला आणि वावरात गेली. बांगड्यांना वास राहिला असावा, कारण दुसऱ्या दिवशी पऱ्हाटीतल्या मुंग्या तिच्या हातावर चढत होत्या आणि ती त्यांना शिव्या देत होती. मुंग्यांनी आमची सोयरीक खाल्ली, असं पुढे भाऊ सगळ्यांना सांगायचा. बा मात्र कितीतरी दिवस दोघींशी बोलला नाही. ताटात भाकरी वाढली की खायचा, पाणी दिलं की प्यायचा, बस्स.

मी शाळेत जाऊ लागले. शाळेची वाट आमच्या धुऱ्यावरूनच जायची. जाताना याडी तिच्या पातीत दिसायची. येताना ती माझ्या पातीत दिसायची. आरसे लांबूनच चमकायचे, त्यावरून कळायचं कुठवर आली ते. पण त्याचं मी रडगाणं केलं नाही, गणितं केली. भूमितीतली एकही आकृती सोडली नाही. गुरुजींच्या हजेरीतलं ते बोट आता माझ्या नावावर थांबायचं आणि मी "हजर" असं इतक्या जोरात ओरडायची की पुढची पोरं दचकायची.

सातवी पास झाले. मग उमरखेडची शाळा, मग यवतमाळला ट्रेनिंग. एकेक पात सुटत गेली. यवतमाळात पहिल्याच दिवशी स्टेशनवर जाऊन आगगाडी पाहिली. अव बाप्पा, केवढा धूर आणि केवढी शिट्टी, आणि चाल अशी की शेजारून आमचा बैल आरामात पुढे गेला असता! तरी मी टाळ्या वाजवल्या. पैनगंगा पाणी उतरल्यावर पोहले, भाऊ काठावर कासरा घेऊन उभा. लाडू खाल्ला, आणि खोटं सांगणार नाही, भावाला अर्धा दिला, म्हणून ती पात मी अजून बाकी धरते. समुद्रही बाकी आहे. इतकी वर्षं काही ना काही आडवं आलं. यंदा मात्र जाणार. गुडघे कुरकुरतात, कुरकुरू देत, त्यांनाही घेऊन जाईन. जयाला सांगितलंय, रत्नागिरीचं तिकीट काढ, आणि रजा मिळत नाही वगैरे मला ऐकवू नकोस.

नेमणूक मिळाली ती शेजारच्याच तांड्यातल्या शाळेत. हुकूम घ्यायला गेले तिथं सही केली, सगळ्यांच्या समोर, चांगली लांबलचक. घरी आले तेव्हा वेचणी लागलेली होती. बा आता बोलायला लागला होता, इतका की बाजारात अनोळखी माणसालाही थांबवून "माह्यी पोरगी मास्तरीण हाय" म्हणून सांगायचा. मी सरळ वावरात गेले. याडी पात संपवून टोकाला आली होती, ओटी सोडत होती. मी म्हटलं, "आतातरी सांग. तुले काय पायजे?"

मला वाटलं, तेच म्हणेल. तिनं ओटी पालावर झटकली. वर न पाहता म्हणाली, "बसून पाहाचा हाय."

"काय?"

"कापूस. फुटलेला. एक खेप. हात नाही लावाचा. निरा बसून पाहाचा."

जन्मभर कापसात राहिलेल्या बाईचं हे मागणं. मला आधी हसू आलं, मग लक्षात आलं. हिला कापूस कधी दिसलाच नव्हता. तिला दिसत होतं ते पुढचं बोंड, आणि त्याच्या पुढचं.

रविवारी मी नायकाकडे गेले. तो थकला होता. म्हटलं, "खुर्ची पाहिजे." तो म्हणाला, "पटवारी येऊन राह्यला का?" मी म्हटलं, "पटवाऱ्यापेक्षा मोठं माणूस आहे." खुर्ची डोक्यावर घेऊन मी धुऱ्यावर आले. सकाळ होती. दुसऱ्या वेच्याची पऱ्हाटी उतारभर फुटून आली होती. याडीला धरून बसवलं. तिला खुर्चीत बसता येईना, ती कडेला टेकली, उठली, पुन्हा टेकली. "लोकं पाह्यतीन व!" मी म्हटलं, "पाहू दे." तिचे खांदे धरून मी तिची पाठ मागे टेकवली.

ती बसली. हात मांडीवर. उन्हं वर येत होती, दव सुकत होतं, आणि समोर तो सगळा उतार, तिनं वाकून वाकून हजारदा ओलांडलेला. मग हळूच म्हणाली, "इतकं पांढरं असते का व हे?"

थोड्या वेळानं पाहिलं तर तिची बोटं मांडीवर हलायला लागली होती, दोन्ही हातांची, वेगवेगळी. एक बोंड वाऱ्यानं लोंबून आलं होतं. ती खुर्चीतून अर्धी उठली, हात पुढे केला. "पडीन थे. दे मले ओटी."

मी दिली नाही. तिला पुन्हा बसवलं आणि ओटी माझ्या कंबरेला बांधली.

"तू पाह्य," म्हटलं. "तुही पात मी वेचतो."